चौथा प्लग

शेकोटीत अजून चार पऱ्हाट्या टाका आणि जवळ सरका. ही गोष्ट उडतउडत कानावर आलेली नाही. कडूबा ड्रायव्हरनं याच ओट्यावर बसून मला सांगितली. कडूबाला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. बढाया मारायचा, पण खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

साल १९६७. जानेवारीची दहा तारीख, मंगळवार, वरून अमावास्या. हिंमतराव पाटील कामानं अकोल्याला गेलेले आणि इकडे त्यांची बायको कोकिळा अडली. पहिलंच बाळंतपण. सुईण म्हणाली, मूल आडवं आलंय, मलकापूरच्या दवाखान्यात न्या. हिंमतरावांच्या आई केसरबाईंनी कडूबाला झोपेतून उठवलं आणि रात्री एकच्या सुमाराला पाटलांची मोटार निघाली.

निघताना केसरबाई म्हणाल्या, "अवसेची रात हाय रे. निंबाचा डगळा तोडून ठेव समोर."

"माय, मशीनले भूत लागत नाही," कडूबा हसून म्हणाला. त्याला त्या मोटारीचा मोठा अभिमान. तिचा खोकलासुद्धा मी ओळखतो म्हणायचा.

जळगाव जामोद मागं पडलं. पूर्णेचा पूल ओलांडला आणि कोकिळा कळवळली. तिला धक्के सोसवेनात. केसरबाई म्हणाल्या, "थांब घडीभर. हे थरथर बंद कर." कडूबानं इंजिन बंद केलं. कळ ओसरेपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्यात थंडीनं आपलं काम केलं. आधीच मोटार जुनी, त्यात नदीकाठचा गारठा.

सेल्फ मारला. एकदा कण्हला आणि गप्प झाला. बॅटरी बसली होती. कडूबा हँडल घेऊन उतरला, चोक ओढून हँडल मारलं. वीसदा. पंचवीसदा. पेट्रोलचा भपका आला, म्हणजे प्लगही भिजले. ढकलून चालू करावी तर रस्ता सपाट, आणि ढकलायला दोन बाया, त्यातली एक अडलेली.

"काऊन रे, काय झालं?" केसरबाईंनी विचारलं.

"काही नाही माय. प्लग तापवतो, निघून जाऊ."

जुन्या ड्रायव्हरांचा हा उपाय. चारही प्लग काढायचे, विस्तवावर तापवायचे, गरम असतानाच बसवायचे आणि लगेच हँडल मारायचं. कडूबानं हातातल्या टॉर्चच्या उजेडात प्लग काढले. काडेपेटीत दोन काड्या होत्या. दोन्ही वाऱ्यानं खाल्ल्या.

तेवढ्यात खाली, नदीच्या अंगाला, त्याला विस्तव दिसला.

मळ्याचा राखणदार असेल म्हणून तो उतरला. निखाऱ्यांपाशी एक म्हातारा बसलेला, डोक्यावरून घोंगडी घेतलेली.

"बाबा, जरा इस्तू पायजे होता. गाडी अडली माही."

"घे."

आता तुम्हीच सांगा, दिवेलागणीनंतर आपल्याकडे विस्तव कोणी देतं का? सख्ख्या भावाला देत नाहीत. कडूबाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. त्यानं चारही प्लग निखाऱ्यांवर मांडले आणि उकिडवा बसला.

"गाडीत किती जण हायेत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तिघं. दोन बाया अन् मी."

"चार."

कडूबा हसला. "हाव बाबा, पोटातलं धरून चार."

हसताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली. थंडीच तशी होती. मग त्याचं लक्ष गेलं... म्हातारा बोलत होता, पण त्याच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.



म्हाताऱ्यानं हात पुढं केला. उघडा हात. निखाऱ्यांत घातला. एक प्लग उचलला, कडूबाच्या फडक्यावर ठेवला. दुसरा. तिसरा...

चौथा तिथंच राहिला.

"हा राहू दे माह्याजवळ."

वर रस्त्यावर कोकिळा ओरडली. कडूबाच्या डोक्यात ड्रायव्हरचा हिशेब झाला. चार सिलिंडर. तीनवर गाडी धापा टाकेल, पण मलकापूर गाठेल. त्याला तिथून फक्त निघायचं होतं.

"ठेव बाबा," तो म्हणाला. "तीनवर चालते."

त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली. चौथं भोक उघडंच. त्यातून आवाज यायचा... फुस्स... फुस्स... कोणी श्वास घेतल्यासारखा. नांदुरा गेलं. आवाज होताच. वडनेर भोलजी आलं.

आणि आवाज थांबला.

इंजिन चालू. गाडी पळतेय. उलट आता सुरळीत, चारीवर पळतेय. कडूबानं मागं पाहिलं नाही.

मागून कोकिळा हळूच म्हणाली, "आत्याबाई..."

"काय वं?"

"पोटातलं हालून नाही राह्यलं."

कडूबानं मलकापूरपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.

कोकिळा वाचली. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेला, घटकाभरापूर्वी. केसरबाईंनी ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि सकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

उजाडल्यावर कडूबानं बॉनेट उघडलं. उरलेली रात्र उभी राहून मोटार गारठली होती, लोखंडावर दव साचलं होतं. चौथ्या भोकात प्लग होता. त्याचाच, घट्ट आवळलेला. हात लावला तर बोटाला चटका बसला.

त्यानंतर कडूबानं मोटारीला हात लावला नाही. लोकांना वाटायचं, भ्यायला. भ्यायला नव्हता तो. "मी देलं ना त्याले," म्हणून याच ओट्यावर रडला. कोकिळाबाईंना त्यानं हे अखेरपर्यंत सांगितलं नाही. मागच्या चैत्रात तो गेला, आणि जाण्याआधी तो चौथा प्लग काढून ठेवलेली पितळी डबी माझ्याकडे देऊन गेला.

ती बघा, त्या कोनाड्यात. सकाळपासून तिथंच आहे, शेकोटीपासून दहा हात लांब. आज थंडी किती आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. उघडू नका... नुसता वरून हात लावा.