छातीवरचा चौकोन

“दोन्ही हातांची नाडी धरत जा, मनकर्णा. एकाच हाताचं ऐकून रोगी सोडू नको.”

थोरले डॉक्टर गेले, पण त्यांचे बोल मनकर्णाबाईच्या कानात राहिले. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या दवाखान्यात ती नर्स होती. पंधरा दिवसांपूर्वी हमाल देवमनची डावी नाडी तिला खटकली. उजवी ठणठणीत, डावी जेमतेम. तिनं डॉक्टर खुशालरावांना सांगितलं. एक्स-रे निघाला. ‘छाती निर्दोष’ असा शेरा पडला, आणि देवमन पुन्हा कापसाच्या गाठी उचलू लागला.

शनिवारी तो गाठीखालीच कोसळला. खुशालरावांनी मरणाचं कारण लिहिलं : दारू.

“दारूले हात नाई लावला बाई त्याईनं,” त्याची बायको शालू म्हणाली. “सहा वर्सांपूर्वी बुद्धाची दीक्षा घेतली, तवाच दारू सुटली, गळ्यातले ताईत गेले. आता आमच्या पातूरचे लोक माह्या लेकरायले बेवड्याचे म्हनतीन.”

“खरं काय ते मी पातूरले येऊन सांगीन, शालू.”

सोमवारी मनकर्णाबाईनं फौजदारांना दवाखान्यात बोलावलं. खुशालराव भजी खात होते. तेलकट बोटांनीच त्यांनी देवमनच्या एक्स-रेची प्लेट उजेडाला धरली.

“घ्या नर्सबाई, भजी.”

“माझा सोमवार आहे.” उपास नसता तरी त्या हातचा घास तिला गिळवला नसता.

प्लेटवर गळ्याखाली छोटा पांढरा चौकोन दिसत होता.

“हे काय, डॉक्टरसाहेब?”

“ताईत असेल. हे लोक काढतात थोडेच!”

दारात मुकादम सहदेव मान खाजवत उभा होता. सदऱ्यातून काळा दोरा डोकावत होता.

“सहदेवभाऊ, तुमचाही एक्स-रे निघाला होता ना?”

“हो, त्याच दिवशी. कावून?”

“साहेब, यांच्या एक्स-रेचं पाकीट उघडा.”

फौजदारांनी उघडलं. त्या प्लेटवर चौकोन नव्हता. हृदयाच्या वर मुठीएवढा फुगवटा होता.

“ही देवमनची,” मनकर्णाबाई हळूच म्हणाली. “हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती, म्हणून डावी नाडी क्षीण. शनिवारी ती फुटली. ताईत सहदेवभाऊंचा.”

“चुकून झाली अदलाबदल!” खुशालराव ओरडले.

“चुकून झाली असती, तर हा फुगवटा पाहून तुम्ही सहदेवभाऊंना तरी बोलावलं असतं. बोलावलं?”

“नाई!” सहदेवचा हात गळ्याशी गेला. “मले त म्हने, घोड्यासारका हायेस.”

“भर हंगामात हमाल बसवून ठेवले तर प्रेस कोण चालवणार?” खुशालरावांनी बोटं देवमनच्या पाकिटाला पुसली.

फौजदारांनी दोन्ही पाकिटं उचलली. “चला, डॉक्टर.”

मनकर्णाबाईनं हात धुतले, चपला घातल्या आणि ती पातूरच्या मोटारीकडे निघाली. आजचा उपास ती शालूच्या घरी सोडणार होती.