डाव्या खांद्यावरच्या रेघा

पाऊण मीटर लोकरी कापड. या सगळ्या भानगडीत शिंपीमास्तरांना मिळणार होतं ते एवढंच. म्हणजे नातीचं एक जाकीट आणि त्यापोटी गळ्यात पडलेली एक मिठी. गिऱ्हाईक होत्या एक निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या कोटाचं कापड देऊन गेल्या. पण त्यातून उरेल किती, हे बाईंना कुठलं कळायला! मास्तरांनी कोट बेतला आणि दहाच्या ठोक्याला उरलेला तुकडा टेबलाखाली सरकवला.

बायको शेजारी काजं करत बसली होती. "डाव्या खांद्यावरचा पापं लिहिणारा फरिश्ता आंधळा नाही म्हटलं."

"पण सबुरीचा आहे. पाप दिसलं की सहा तास थांबतो, पस्तावलं तर लिहीत नाही. चारपर्यंत मुदत आहे मला."

"मुदत पस्तावायला दिलीय, जाकीट शिवायला नव्हे."

मास्तर हसले.

दुपारी एकच्या नमाजात शेवटचा सलाम फेरताना मान डावीकडे वळली, तेव्हा सदऱ्याच्या खांद्यावर खडूच्या तीन बारीक रेघा दिसल्या. शिंप्याच्या अंगाला खडू लागायचाच. त्यांनी झटकल्या. गेल्या नाहीत. बायकोने ओला फडका फिरवला. कापड भिजलं, रेघा कोरड्याच राहिल्या.

"तुम्हीच ओढल्या असतील."

"स्वतःच्या खांद्यावर? इतक्या सरळ?"

सदरा बदलला. दोन वाजता धुतल्या सदऱ्यावर चार होत्या.

तीनला पाच.

मास्तरांनी तुकडा उचलला आणि अनवाणीच दोन गल्ल्या ओलांडल्या.

शिक्षिकाबाईंनी सगळं ऐकून चष्म्यावरून पाहिलं. "सांगितलं नसतंत तर मला काय कळणार होतं?" मग तुकडा परत त्यांच्याच हातात दिला. "ठेवा. नातीला शिवा काहीतरी."

"चोरलं होतं हो, बाई."

"आता मी देतेय ना?"

चारनंतर, अस्रच्या नमाजात मास्तरांनी आधी उजवीकडे सलाम फेरला. खांद्यावर दहा रेघा. एका भल्या कामाचे उजवा फरिश्ता दहा लिहितो, हे लहानपणापासून ऐकलेलं. डावा खांदा कोरा. दोघांनी निवांत चहा घेतला आणि जाकीट बेतायला टेबल मोकळं केलं.

कापड बाईंचं गेलं तेही राजीखुशीने, नातीला जाकीट मिळालं, मास्तर फुकटात सुटले. खर्ची पडला तो खडू. सकाळी उघडलेली अख्खी वडी नखाएवढी उरली होती. पंधरा-वीस रेघांना एवढा खडू जात नाही, बाकीच्या आणखी कुठेतरी ओढल्या गेल्यात, हे तीस वर्षांच्या हाताला ठाऊक होतं.

बायकोने वडीकडे पाहिलं. ओढणी दोन्ही खांद्यांवर ओढून घेतली, आणि झोपेपर्यंत ती उतरवली नाही.