खालच्या तीन गाठी

पटणार नाही, पण हे खरं आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात, गेल्या ऑक्टोबरात, भर सकाळी घडलं.

गावाच्या पाण्याचा वर्षाचा ताळेबंद मांडायचा होता. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, विहिरींत किती उरलं. शिल्लक निघाली तर गहू. तूट निघाली तर कमी पाण्यावर येणारा नुसता हरभरा.

मसाजी विहिरी मोजत होता. दोरी त्याच्या बायकोची, भागाबाईची. फुटाफुटाला गाठ, टोकाला वजन.

आदल्या साली हे काम तिनंच केलं होतं. तूट निघाली.

"वयनी, तुमची दोरीच अवदसा हाय!" लोक हसले.

मसाजीलाही गहूच पेरायचा होता. त्यानं तिच्या वहीत खाडाखोड केली. विहिरीला कठडा असला तर त्याची उंची मापातून वजा करतात. यानं कठडा नसलेल्या विहिरींतूनही तीन-तीन फूट वजा केले. पाणी कागदावर वर आलं. गावानं गहू पेरला.

चैत्रात पिण्याची विहीर आटली. भागाबाई घागर घेऊन तळात उतरायला गेली. पाय सुटला.

खाली पाणी असतं तर वाचली असती.

आता, ऑक्टोबरात, तो त्याच बिनकठड्याच्या विहिरीवर उभा होता. सोबत पाणी समितीचा उकंडराव.

वजन पाण्याला टेकलं. बावीस फूट.

"वजा तीन कर. एकोणीस लिही."

"न्हाई."

"काहून? मागच्या साली तर तूच केलतं!"

मसाजीनं वही काढली. पेन उघडलं. एकोणीसातला एक लिहिला...

दोरी हातातून खाली सरकली.

एक गाठ... दोन... तीन.

थांबली. ताठ झाली.

आणि खालून, पाण्याच्याही खालून, रिकामी घागर दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"वजन गाळात रुतलं असंल," उकंडराव म्हणाला. पण तो चार पावलं मागं सरला होता.

मसाजीनं आकडा खोडला. बावीस लिहिलं.

दोरी सैल पडली.

सभेत उकंडरावानं एकोणीसच वाचलं. टाळ्या पडल्या. गहू पेरला.

दोरी आता मसाजीच्या घरात खुंटीला आहे. पाच महिने तिला पाणी लागलेलं नाही. तरी रोज सकाळी खालच्या तीन गाठी ओल्या असतात.

विहीर पुन्हा तळाला गेली आहे. उकंडरावाची सून मिना तिथंच घागर नेते. मसाजी रोज तिला आडवा होतो.

"मामा, घरी प्यायला पाणी न्हाई. सरका."

काल चौथी गाठही ओली होती, आणि मिना घागर घेऊन निघाली होती...