नऊ नळ्यांची पेरणी

मोहरीच्या पानाचा रस लावलेल्या चाचणीच्या पट्टीवर सातव्यांदा दोन रेघा उमटल्या, आणि बियाणेवाल्या काकूंनी कुंपणापलीकडच्या साहेबाला कचकचीत शिवी हासडली.

"तुझ्या प्रयोगाची घाण माझ्या मोहरीत आलीच शेवटी!"

पलीकडे संशोधन केंद्र होतं. तणनाशकाने मरत नाही अशी, जनुक बदललेली मोहरी तिथे वाढत होती. काकू तीस वर्षं एकच काळी मोहरी बियाण्यासाठी राखत आल्या होत्या. तिच्यात ते जनुक शिरलं, की तीस वर्षं पाण्यात.

"वारा तुमच्याकडून आमच्याकडे वाहतो," साहेब कुत्सित हसला. "उगाच बोंबलू नका."

निरीक्षक बाई बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. सातही झाडं एकाच ओळीत, तीही पहिल्या वीस पावलांत. पुढे एकही नाही. त्यांनी ओळी मोजल्या. नऊ, मग जरा रुंद पट्टा. पुन्हा नऊ.

"पेरणी कोणी केली?"

"माझ्या दिराने. माझा पाय प्लास्टरमध्ये होता."

"कशाने?"

"घरच्याच यंत्राने," मागे उभा असलेला दीर फटकन म्हणाला. "तुम्हाला काय करायचंय?"

बाई काकूंच्या शेडमध्ये डोकावल्या. पेरणीयंत्राला नळ्या सहा. मग केंद्राच्या शेडमध्ये. तिथल्याला नऊ. एकेक नळी त्यांनी रुमालावर झटकली. शेवटच्या नळीतून दोन काळे दाणे पडले.

"तुमची मोहरी तर पिवळी ना, साहेब?"

साहेबाचं तोंड उतरलं.

"वाऱ्याने पराग आले असते तर जनुक दाण्यात सापडलं असतं," बाई म्हणाल्या. "इथे पानात सापडलंय. म्हणजे पेरलेलं बीच केंद्राचं. यंत्र फाटकाबाहेर न्यायला बंदी, तरी साहेबांनी गुपचूप दिलं. पेटी झाडली, एक नळी राहिली. तिच्यात अडकलेलं केंद्राचं बी पहिल्या वीस पावलांत सांडलं. हे ठाऊक होतं म्हणूनच वाऱ्याचं पुराण!"

"घरचं यंत्र बिघडलेलं, वहिनी," दीर पुटपुटला. "साहेबच म्हणाले, न्या. कोणाला कळतंय."

"ती ओळ आत्ता उपटते मी!"

"फुलं गळून शेंगा धरल्यात, काकू. मधमाश्यांनी तिथले पराग शेतभर फिरवलेत. आता एकाही दाण्याची खात्री नाही."

काकूंनी पदर खोचला.

"नसू दे. डब्यात मागच्या सालचं बी राखलंय. पुन्हा सुरू करीन. आणि तू माझ्या शेतात पाय ठेवायचा नाहीस."

दिराने मान वर केलीच नाही.

"वहिनी... बी कमी पडलं म्हणून डबाही पेरला मी."