मुक्कामी गाडीतली जागा

मला हे सगळं नीट आठवतंय की नाही, याची खात्री देता येत नाही. धातुशास्त्रात डॉक्टरेट केली, सगळी नोकरी प्रयोगशाळेत काढली, आणि तिथं एक शिकलो: एकदाच घडलेल्या गोष्टीला पुरावा म्हणू नये. तेव्हा कुठं चुकलो तर मला टोका. पण मगाशी केतकी म्हणाली ना, "आपण एसटीनंच भीमाशंकरला जाऊ, मी पुढं जाऊन रुमाल टाकून जागा धरते," तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

"आजोबा, रुमालात काय आलं घाबरण्यासारखं?"

रुमालात काही नाही गं. बसा. तसंही लाईट इतक्यात येत नाहीत.

आमच्या पिंपरीच्या कंपनीत उद्धवराव म्हणून फिटर होता. मूळचा लातूरकडचा, राहायला दापोडीला, रेल्वे लायनीच्या कडेला. घरात बायको शालन आणि आई सोजराबाई. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा होता, आणि दुसऱ्याची डॉक्टर हमी देईनात. नव्या वर्षात ऑपरेशन ठरलं होतं. तिचं एकच मागणं होतं. "आमच्याकडं निसती माळं, लेकरा. जल्मात डोंगर बघितला न्हाई. डोळं हायेत तंवर एकदा दाव."

झालं! उद्धवरावानं सहल आखायला घेतली. चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. येईल त्या एसटीच्या ड्रायव्हरला गाठून तो चौकशी करायचा. शेवटी बेत ठरला तो मुक्कामी गाडीचा. म्हणजे संध्याकाळी खेडहून सुटायची, रात्री भीमाशंकरला थांबायची, आणि सकाळी तीच खाली यायची. खेड म्हणजे चाकणच्या पुढचं, तुमचं राजगुरुनगर. मी त्या वेळी एकटा जीव, तेव्हा मलाही त्यानं त्यात ओढलं.

अडचण एकच. ती गाडी बाजारकरूंनी भरून जायची, आणि म्हातारी उभ्यानं एवढा घाट चढणं शक्य नव्हतं. म्हणून उद्धवराव दुपारीच पुढं जाणार, जागा धरणार, आणि आम्ही तिघं मागून पोचणार. त्यासाठी प्रत्येकाची एकेक वस्तू त्यानं पिशवीत घेतली. वस्तू ठेवली की माणूस बसल्यासारखं. त्यावर कुणी भांडत नाही.

"साहेब, तुमचा रुमाल द्या. शिकलेल्या मानसाच्या रुमालाला कोण हात लावतंय!"

शालनबाईंनी नॅपकिन दिला. सोजराबाईंनी पानाची चंची दिली. "सुपारी खाशील तर बघ. मोजल्याली हाय."

"तुला दिसतीय का सुपारी, मोजायला?"

"बोटाला डोळं हायेत माझ्या, मेल्या."

शालनबाई तेवढ्या कुरकुरल्या. "आज अमावास्या आहे. उद्याच जाऊ की."

"अगं, एसटीला कुठली आलीय अमावास्या?" असं म्हणून तो निघाला. १९७३ सालच्या डिसेंबरातली चोवीस तारीख होती ती. सोमवार. सोमवती अमावास्या.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यानं त्याच रात्री मला सांगितलं, आणि मी ते इतक्यांदा मनात घोळवलंय की त्याचे शब्द कुठले आणि माझे कुठले, ते आता कळत नाही.

वाटेत गाड्या मिळेनात, दिवस बुडता बुडता तो खेडच्या स्टँडवर पोचला. स्टँड ओस पडलेला. लांब, पार कडेला, एक गाडी उभी. पाटी भीमाशंकरची. त्याला हर्षच झाला. आत दिवा नव्हता, पण त्याला जागांशी मतलब. ओळीनं चार जागा धरल्या. खिडकीशी आईची चंची. शेजारी शालनबाईंचा नॅपकिन. मग माझा रुमाल. स्वतःच्या जागेवर त्यानं डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

मग त्याची नजर अंधाराला सरावली.

बाकीच्या सगळ्या जागा धरलेल्या होत्या. कुठं पागोटं. कुठं पंचा. कुठं लहान पोराची कुंची. एका बाकावर नुसती एक फणी. माणूस मात्र एकही नाही. ना आत, ना बाहेर.

त्यानं शेजारच्या पंच्याला हात लावला. ओला होता. कुंचीही ओली. ऐन हिवाळ्यात, कोरड्या ठाक दिवसांत... सगळ्या वस्तू ओल्या. लाल चिखलाचा वास.

दाराशी टक् टक् झालं. कंडक्टर दांडीवर तिकिटाचा चिमटा वाजवतो तसं.

"किती जण?"

खाकी कपडे. पाठमोरा. तोंड अंधाराकडे.

"चौघं. मागून येतायत."

"येतील ना सगळे?"

"येतील की."

"मग बरं. धरलेली जागा रिकामी जात नाही."

टक्. टक्.

 उद्धवराव झटकन वाकला. रुमाल उचलला. नॅपकिन उचलला. चंची उचलायला गेला...

उठेना.

कापडाची चंची. पान, चुना, चार सुपाऱ्या. त्यानं ओढली. हलेना. वर कुणी बसलंय, अशी. दोन्ही हातांनी ओढली.

"म्हातारीची जागा पक्की झाली," कंडक्टर म्हणाला. पाठमोराच.

"तिला डोंगर बघायचाय हो... तेवढा एकच."

टक्.

"तिला सोडा."

टक्.

"मग तिथं कोण?"

 उद्धवरावानं स्वतःच्या जागेवरची टोपी उचलली. खिडकीशी, चंचीवर ठेवली.

चंची हातात आली. पिसासारखी.

आम्ही नाशिककडं जाणाऱ्या एका गाडीत दाटीवाटीनं कसेबसे खेडला पोचलो, तेव्हा तो स्टँडवरच्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसला होता. बोडका. समोर सगळा स्टँड मोकळा.

"गाडी कुठाय रं?" सोजराबाईंनी विचारलं.

 चहाची टपरी आवरणारा माणूसच म्हणाला, "कुठली गाडी, आजी? आज सोमवती. भीमाशंकरची गाडी जेजुरीच्या जत्रेला धाडलीया. दुपारपास्नं हितं काय लागलंच न्हाई."

रात्र आम्ही तिथंच काढली. बायका निजल्यावर त्यानं मला हे सांगितलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप असता तर बरं झालं असतं. ताप नव्हता.

सकाळी पुण्याहून आलेल्या गाडीनं भीमाशंकरला गेलो. जागा धरायची गरज पडली नाही. सोजराबाई पदर सावरत कड्यावर उभ्या राहिल्या. ऊन चढलं होतं, एकामागं एक रांगा निळ्या होत गेल्या होत्या. त्यांना किती दिसलं, कोण जाणे. खूप वेळानं म्हणाल्या, "ह्यो डोंगर व्हय! आता डोळं गेलं तरी जाऊ देत." मग हात पसरून त्यांनी लेकाचं डोकं चाचपलं. "टोपी कुठं रं?"

"जागा धरून ठेवलीय, आई."

त्या हसल्या. मी हसलो नाही.

ऑपरेशन काही साधलं नाही. पण म्हातारी पुढं कैक वर्षं जगली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डोंगर सांगत राहिली. उद्धवरावानं मात्र पुन्हा टोपी घातली नाही. उन्हात नाही, लग्नात नाही. एसटीतही पाय ठेवला नाही. दापोडीहून सायकलनं कामावर यायचा. ८१च्या हिवाळ्यात एका रात्री तो झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी पोचलो, तेव्हा तिरडीची तयारी चालली होती. त्याच्या डोक्यावर टोपी दिसली. वाटलं, घरच्यांनी घातली असेल, शेवटचा मान म्हणून.  

पण मनातून गेलं नाही. बऱ्याच वर्षांनी, सोजराबाईंच्या मागं, मी शालनबाईंना गाठून विचारलंच. "ती टोपी तुम्ही कुठून आणलीत?"



"आम्ही? आम्हाला वाटलं, तुम्ही घातलीत."

"मी आलो तेव्हा ती डोक्यावरच होती."

"मग..." त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "रात्री कडी मीच लावली होती. सकाळी मीच काढली."

 मग त्या म्हणाल्या, आंघोळ घालताना सासूबाईंनी टोपी हातात घेतली होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं, आणि आपणच घातलेल्या टाक्याशी ते थांबलं. मग त्यांनी ती परत लेकाच्या डोक्यावर ठेवली, आणि पदराला हात पुसले.

पदरावर लाल चिखल उमटला होता.