उजवीकडचा लाल दिवा

"माझी सून आंधळी नाही आणि अडाणीही नाही," वायरकाका दारातूनच म्हणाले. "कुणीतरी तिच्या वाईटावर आहे. त्याला शोधून काढा."

मास्तरांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराची पुढची खोली बाईंनी भाड्याने घेतली होती. बाई आधी वीस वर्षं वाहनविम्याच्या सर्वेक्षक होत्या, आता खाजगी तपास करत. मास्तर निवृत्त गणितशिक्षक. भाडं थोडं कमी घेऊन त्यांनी तपासात सोबत जाण्याचा हक्क मिळवला होता, आणि प्रत्येक वेळी ते सुतावरून स्वर्ग गाठत.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."

वायरकाका टेकले. सत्तरीचा, ताठ, काटक माणूस. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं केली म्हणून हे नाव पडलेलं. डाव्या हाताला पांढऱ्या कापडाची पट्टी होती. चहाचा कप त्यांनी उजव्या हाताने उचलला.

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"इस्त्री लागली. मुलाच्या दुकानात." त्यांनी हात मांडीखाली घेतला. "मुलगा शिवणयंत्रावर रमला, माझा पाना सुनेनं उचलला. आता दुकान तिचंच. परवा दुपारी तिनं एका ट्रकचे मागचे सगळे दिवे बदलले. जुने काढून एलईडी बसवले. संध्याकाळी त्या ट्रकचा उजवीकडचा लाल दिवा पेटलाच नाही."

"आणि?"

काकांचा आवाज खाली आला. "मागून एक नर्स स्कूटरवर येत होती. अंधार पडलेला. तिला डावीकडचा एकच लाल दिवा दिसला. तिला वाटलं, पुढे मोटरसायकल आहे. ती उजवीकडून पुढे जायला गेली, ती थेट ट्रकच्या कोपऱ्यावर. पाय दोन ठिकाणी मोडलाय."

त्यांनी कप खाली ठेवला.

"वाहन निरीक्षक म्हणतो, बल्ब उलटा बसवला होता. उद्या अकराला तो अहवाल देणार. दुकानाला सील आणि पोरीवर निष्काळजीपणाचा गुन्हा. समोरच्या दुकानातला फ्यूजभाऊ तिला पाण्यात पाहतो. त्याचंच काम हे."

"झालं तर मग!" मास्तर उठून उभे राहिले.

"मास्तर, चपला तरी घाला," बाई म्हणाल्या.

*

सुनेचं दुकान एका गाडीपुरतं होतं. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, प्रत्येकामागे त्याच्या आकाराची रेघ काढलेली. पस्तिशीची सून खाली मान घालून काम करत होती. डोळे सुजलेले होते, पण हात थांबला नव्हता.

"बल्ब उलटा बसू शकतो का?" बाईंनी विचारलं.

"या ट्रकला चपट्या बुडाचा बल्ब लागतो. दोन्ही बाजूंनी खोवता येतो. जुना तारेचा बल्ब कसाही खोवा, पेटतो. एलईडीला मात्र सुलट-उलट असतं. उलटा खोवला की मख्ख बसतो." तिने एक बल्ब पुढे केला. त्याच्या एका कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "म्हणून मी आधी पेटवून बघते आणि वरच्या बाजूला ठिपका देते. ठिपका वर म्हणजे बरोबर."

"परवाही दिला होता?"

"चारही बल्बांना. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मी मागे उभी राहून बघितलं. दोन्ही लाल पेटले होते, बाई. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मग ट्रक लगेच गेला?"

"नाही. चारही सिग्नल चालू करून अर्धा तास उभा ठेवला. माझी पद्धतच आहे. एलईडीला वीज कमी लागते, त्यामुळे सिग्नल लुकलुकवणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब गेला, आणि सिग्नल वेड्यासारखा भराभरा लुकलुकायला लागतो. म्हणून प्रत्येक सिग्नलला हा जोडावा लागतो." तिने बोटाएवढा सोनेरी धातूचा तुकडा दाखवला. त्याला लांबीभर उभ्या पट्ट्यांसारख्या फाळ्या होत्या. "लोड रेझिस्टर. उरलेली वीज हा खातो आणि सणसणीत तापतो. दिव्याशेजारी पत्र्यावर बसवते, प्लॅस्टिकजवळ नाही. अर्ध्या तासात काही जळत नाही ना, ते कळतं."

"त्या अर्ध्या तासात तू कुठे होतीस?"

"मुलीला शाळेतून आणायला. ड्रायव्हर जेवायला गेला होता."

फळीवर एक जुना गोल डबा होता, झाकणाला बोटांच्या ठशांचे थर बसलेले. मास्तरांनी उघडून वास घेतला.

"बाबांचं व्हॅसलीन," सून म्हणाली. "गंज लागू नये म्हणून ते बल्बच्या बुडाच्या धातूच्या पत्तीला लावतात. मी नाही लावत, स्प्रे मारते. समोरचे फ्यूजभाऊही लावतात. बाबांकडेच शिकले ते."

मास्तरांनी बाईंकडे सूचक पाहिलं. बाई डबा पाहत होत्या.

शेजारच्याच गाळ्यात तिचा नवरा कपडे शिवत होता. त्याने परवा काहीच पाहिलं नव्हतं. यंत्र चालू असलं की बाहेर हत्ती गेला तरी कळत नाही, असं त्याने कबूल केलं.

"गिऱ्हाइकांच्या शिव्या खातोय, बाई," तो म्हणाला. टेबलावर चुरगळलेल्या पँटींचा ढीग होता. "आठवडा झाला, इस्त्रीची वायर जळलीय. बाबांना रोज सांगतो. जगाच्या वायरी जोडल्या, पण घरची जोडायला मुहूर्त लागत नाही."

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत.

*

फ्यूजभाऊ दुकानाच्या पायरीवरच उभा होता. पोट पुढे, हात मागे.

"मला ठाऊक होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं माझंच नाव घेतलं असणार."

"तुम्ही त्या ट्रकजवळ गेला होता?" मास्तरांनी आवाज चढवला.

"मी कशाला जाऊ? दोन गिऱ्हाइकं होती माझ्याकडे, विचारा त्यांना. ट्रक लुकलुकत उभा होता तेवढं दिसलं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं, मागचं मला दिसत नाही."

गल्ल्यावर व्हॅसलीनचा डबा होता. बाईंची नजर मात्र गल्ल्याखालच्या खोक्यांवर गेली.

"हे एलईडीच ना? सगळीकडे तर सांगता, ही थेरं तुम्ही करत नाही."

फ्यूजभाऊ चपापला. मग ओशाळं हसला. "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? गिऱ्हाईक मागतं. वर्ष झालं, मीही बसवतो. सुरुवातीला चार गाड्या उलट्या बसवून बसलो होतो, आता नाही होत चूक. पण म्हाताऱ्याला सांगू नका. त्याच्या लेखी बल्ब म्हणजे तारेचा, बाकी सगळी खेळणी. एकदा एक एलईडी पुढे केला, तर हातातसुद्धा घेतला नाही त्यानं."

रस्ता ओलांडताना मास्तर कुजबुजले, "उलटा बसवायचं कसं ते त्याला ठाऊक आहे! स्वतःच्या तोंडाने बोलला!"

"बोलला खरा," बाई म्हणाल्या.

*

ट्रक वाहन कार्यालयाच्या आवारात उभा होता. मागचा उजवा कोपरा चेपलेला, पण दिव्याची काच शाबूत होती. निरीक्षक बाईंना जुन्या ओळखीने आत घेऊन गेला. ड्रायव्हर चाकाला टेकून उकिडवा बसला होता.

"दोन्ही लाल पेटले होते," तो आपणहून म्हणाला. "मी ब्रेक दाबला तेव्हा ती मागून ओरडली, 'दोन्ही लागले!' मग मी जेवून आलो, सिग्नल बंद केले आणि निघालो. अंधार पडल्यावर दिवे लावले. मागे काय पेटलंय, काय विझलंय, ते केबिनमध्ये कसं कळणार? त्या नर्सचं ओरडणं अजून कानात आहे हो."

निरीक्षकाने काच उतरवून दाखवली. डाव्या दिव्यातल्या लाल बल्बचा ठिपका वर होता. उजव्यातल्या लाल बल्बचा खाली.

"संपला विषय," निरीक्षक म्हणाला. "घाईत खोवला, झालं."

बाईंनी भिंग काढलं. उजव्या लाल बल्बाच्या पत्तीवर तेलकट चकाकी होती. बोटाने अलगद, नीट पसरलेली. डावीकडच्या पत्त्या कोरड्या होत्या. उजव्या दिव्याशेजारच्या सोनेरी रेझिस्टरवरही तसाच तेलकट डाग होता, फाळ्यांवर आडवा ओढल्यासारखा.

"व्हॅसलीन!" मास्तर म्हणाले. "फ्यूजभाऊ सापडला!"

"निरीक्षकसाहेब, उद्या अकराच्या आत तुमच्याकडे एक माणूस येईल," बाई म्हणाल्या. "तोवर अहवालावर सही करू नका."

त्या जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. मास्तरांना ते खटकलं.

*

संध्याकाळी सगळे सुनेच्या दुकानात जमले. ती स्वतः, तिचा नवरा, ड्रायव्हर, फ्यूजभाऊ, आणि स्टुलावर ताठ बसलेले वायरकाका.

"दोन्ही दिवे पेटले होते, असं दोघं सांगतात," बाईंनी सुरुवात केली. "एकानं पुढे ब्रेक दाबला, एकीनं मागून पाहिलं. दोघांचं बोलणं जुळतं. म्हणजे बल्ब त्यानंतर काढला आणि परत खोवला गेला. ट्रक एकटा होता तो फक्त त्या अर्ध्या तासात."

"आणि समोरच फ्यूजभाऊ!" मास्तरांना राहवलं नाही.

"मास्तर, ज्याला नासाडी करायची आहे तो वायर तोडेल. बल्ब उलटा खोवून वर त्याला गंज लागू नये म्हणून व्हॅसलीन लावेल का?"

मास्तर खाली बसले.

"ज्यानं दिवा उघडला त्याला दिव्याची काळजी होती. काम नीट झालंय ना, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यानं बल्ब काढला, पत्ती पाहिली, बोटभर व्हॅसलीन लावलं आणि बल्ब परत खोवला. कसाही खोवला, कारण त्याच्या आयुष्यातला प्रत्येक बल्ब कसाही खोवला तरी पेटत आला होता. दिवसाउजेडी लाल दिवा बंदच असतो. शेजारचा पिवळा सिग्नल लुकलुकत होता, त्यामुळे सगळं ठीक वाटलं."

फ्यूजभाऊची नजर हळूहळू स्टुलाकडे वळली.

"व्हॅसलीन लावणारे इथे दोघं," बाई म्हणाल्या. "फ्यूजभाऊंना एलईडीचं सुलट-उलट वर्षभर ठाऊक आहे. काळजीनं उघडला असता तर त्यांनी सरळ बसवला असता, वैरानं उघडला असता तर व्हॅसलीन लावलं नसतं. शिवाय ते दुकानातून हलले नाहीत, मी त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारलं. दुसऱ्यानं मात्र एलईडी कधी हातात धरला नाही. आणि सिग्नल अर्धा तास चालू असताना शेजारचा रेझिस्टर किती तापतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं." त्या थांबल्या. "काका, तुमच्या मुलाची इस्त्री आठवडाभर बंद आहे."

नवऱ्याच्या हातातली टेप खाली पडली.

वायरकाकांनी पट्टी सोडली. मनगटाच्या मागे भाजल्याच्या चार रेघा होत्या, एकमेकींना समांतर, रेझिस्टरच्या फाळ्यांसारख्या. इस्त्रीने असं भाजत नाही.

"मला खरंच वाटलं, मी काही केलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त बघितलं. सून शाळेत गेली, म्हटलं एक दिवा उघडून बघावा. इतकी वर्षं दुकानाचं नाव आहे, पोरीनं काही कच्चं ठेवलं तर? सगळं चोख होतं. माझ्यापेक्षा चोख. एवढं चोख काम उघडून बघितलं, याचीच लाज वाटली. हात भाजला ते इस्त्रीच्या नावावर खपवलं. आणि बल्ब उलटा बसवला असं निरीक्षक म्हणाला, तेव्हा मला वाटलं, माझ्यानंतर कुणीतरी आलं. मी होता तसाच खोवला असं धरून चाललो; खोवताना बल्बला बाजू असते, हे डोक्यातच आलं नव्हतं. काखेत कळसा आणि तुमच्या दारात वळसा."

फ्यूजभाऊने मान फिरवली. म्हाताऱ्याने केलेला आरोप त्याने कधीच माफ केला होता, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

सून पुढे आली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही होतं. "दहा वर्षं झाली बाबा मला या दुकानात. अजून चोरून बघावं लागतं?"

काकांनी सोडलेली पट्टी बोटांभोवती गुंडाळली.

"विचारलं असतंत तर मीच उघडून दाखवला असता. त्या नर्सचा पाय वाचला असता."

तो घाव वर्मी बसला. म्हाताऱ्याने तोंडावर हात घेतला आणि तो लहान मुलासारखा रडला. नवरा जागचा हलला, पण सुनेने त्याला हाताने थांबवलं. रडू ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"सकाळी मी निरीक्षकाकडे जातो," काका शेवटी म्हणाले. "काय लिहायचं ते माझ्या हाताने लिहितो. पण आधी दवाखान्यात. त्या पोरीला तोंड दाखवतो, मग ती काय म्हणेल ते."

"मी पण येते," सून म्हणाली. "ट्रक निघताना मी पुन्हा एकदा ब्रेक दाबून बघायला हवा होता. तेवढी चूक माझी. ती मी सांगणार."

बाईंनी पिशवी उचलली. मास्तर त्यांच्यामागे निघाले, पण दारात थबकले.

वायरकाकांनी बाकावरचा एक बल्ब उचलला होता. भाजलेल्या हातात तो धरून ते उलटसुलट करून पाहत होते.

"ठिपका वर ना गं?" त्यांनी विचारलं.

त्या दुकानात त्यांनी कुणाला काही विचारल्याचं फ्यूजभाऊला आठवत नव्हतं, आणि तो तिथेच शिकला होता.

"वर," सून म्हणाली आणि बॅटरीला जोडलेला एक जुना दिवा त्यांच्यासमोर सरकवला. "खोवा. आणि पेटवून बघा."