हिरव्या गाडीची थरथर

"माझ्या बाबांना स्टुरे मेकॅनिकनं मारलं. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या." सोलवेग कोट न काढताच खुर्चीत बसली.

खासगी तपासनीस एब्बा पूर्वी विमा कंपनीसाठी फुटलेल्या गाड्या तपासायची. तिनं कॉफी पुढे सरकवली. तिचा मित्र तोर्स्टन, निवृत्त शाळामास्तर, खिडकीशी उभा होता.

सोलवेगच्या वडिलांची, आर्विडची, एकोणसाठ सालची हिरवी गाडी शनिवारी त्यांच्यासकट उतारावरून थेट सिल्यान सरोवरात गेली होती. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. गावानं मात्र गाडी नुकतीच दुरुस्त करणाऱ्या स्टुरेच्या दारावर डांबर ओतलं.

"बाबा गाडी कशी चालवायचे?" एब्बानं विचारलं.

"गोगलगायीसारखी! मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न द्यायचे. पण शनिवारी ती सुसाट होती म्हणे. सकाळी ते फोनवर कुणाला तरी म्हणत होते, एका शेजारणीनं ऐकलं, 'जोरात पळवली की थरथर जाईल म्हणतोस?' मेकॅनिकशिवाय हे कोण सांगणार?"

"स्टुरेला भेटलात?"

"मी गोथेनबर्गला राहते. आणि त्याचं तोंडही बघायचं नाही मला."

आपल्या गॅरेजमध्ये स्टुरे एब्बाच्या तोंडाकडे टक लावून बोलत होता.

"आधी मागच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट थरथरत होता. त्यानं गिअरबॉक्सचं मागचं, तेल अडवणारं सील झिजलं, तेल ठिबकायला लागलं. नवं सील घातलं, तेही गेलं. मग शाफ्ट काढून त्याचा तोल साधला. मागच्या जोडाच्या दोन्ही तबकड्यांवर पांढरी रेघ होती, रेघेला रेघ जुळवून बसवला. बोनेटवर हात ठेवला, तर गाडी एकदम शांत."

"मग पुन्हा का थरथरली?" स्टुरेच्या पाठीमागून तोर्स्टननं विचारलं.

स्टुरे पाने पुसत राहिला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"माजोरडा आहे," बाहेर पडताना तोर्स्टन पुटपुटला.

पोलिसांच्या आवारात एब्बा चेपलेल्या गाडीखाली सरपटली. शाफ्ट मागे एकाच बोल्टावर लटकत होता. त्याच्या फटक्यांनी ब्रेकची नळी तुटली होती. पांढऱ्या रेघा एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना होत्या.

"म्हणजे स्टुरेनंच उलटा बसवला!" तोर्स्टन म्हणाला.

"तसं असतं तर गाडी त्याच्या दारातच थरथरली असती रे."

सोलवेगचा भाऊ हेनिंग वडिलांच्या शेजारच्याच घरात राहायचा. त्यानं आर्विडचं गॅरेज उघडून दाखवलं. जमिनीवर मोठा डाग होता, त्यावर मांजराची वाळू पसरलेली.

"गुरुवारी हे तेलाचं तळं साचलं. शुक्रवारी बाबा थरथर, थरथर म्हणून ओरडत आले. स्टुरेचे प्रताप!"

"किल्ली कुणाकडे असते?"

"बाबांकडे आणि माझ्याकडे. पण मला साधं चाक बदलता येत नाही हो. बाबा हात लावू द्यायचे नाहीत. पाहुण्यांसमोर म्हणायचे, 'स्टुरे माझा मुलगा असता तर!'"

दुसऱ्या दिवशी एब्बानं भावाबहिणीला आर्विडच्या स्वयंपाकघरात बसवलं.

"सील गेलं की तेल थेंबथेंब गळतं, आणि ते थरथरीनंतर. इथे आधी तळं साचलं, मग थरथर सुरू झाली. गिअरबॉक्समधून शाफ्ट बाहेर ओढला की तेल असं भडाभडा सांडतं. म्हणजे शाफ्ट याच गॅरेजमध्ये निघाला. उलटा बसला, बोल्टही नीट आवळले गेले नाहीत. नवख्याचं काम. आणि किल्ली दोघांकडेच."

"पण फोनवर स्टुरेच होता ना?" सोलवेग म्हणाली.

"स्टुरे ठार बहिरा आहे. ओठ वाचतो. तोर्स्टनचा प्रश्न त्याला ऐकूच आला नव्हता. आर्विडचा शेवटचा फोन कुणाला होता, ते पोलीस आता बघताहेत."

सोलवेगनं सावकाश भावाकडे पाहिलं.

"मला फक्त स्टुरेची फजिती करायची होती," हेनिंग म्हणाला. "बाबांनी त्याला एकदा तरी शिव्या घालाव्यात, एवढंच."

"मग पळवायला का सांगितलंस?" सोलवेगनं विचारलं.

हेनिंगनं टेबलक्लॉथची किनार चुरगळली.

"त्यांनी फोनवर विचारलं, 'हेनिंग, तुला काय वाटतं?' आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. शाफ्ट मीच काढला होता, हे तेव्हा सांगता आलं असतं."

"मग?"

"इतक्या वर्षांनी विचारलं, याचाच राग आला."

सोलवेगनं उठून दाराला आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन लावला.